शुक्रवारची सुटी आणि आपल्या घरची वीज

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही तरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पाककृती आणि भरतकामाचे नमुने देणाऱ्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत, त्यांच्या पंक्तीत मी काय बसणार? म्हणून जी वस्तू दिवसातून पन्नास वेळा आपल्या बोटाखालून जाते, पण जिचा इतिहास हळदीकुंकवाला कोणी सांगत नाही, त्या विजेविषयी लिहावे असे ठरविले.

बदलापूर-अंबरनाथला नव्याने बिऱ्हाड करणाऱ्या बायका हटकून एक प्रश्न विचारतात. सगळ्या जगाला सुटी रविवारी, मग इथल्या कारखान्यांना शुक्रवारी का? एकीने तर मला सांगितले की, अंबरनाथच्या जुन्या देवळाशी त्याचा काही संबंध असेल. ते देऊळ शंकराचे. इ. स. 1060 मधील शिलालेख त्यावर आहे. तेव्हा देवळामुळे सुटी मिळायची तर ती सोमवारी मिळाली असती! शुक्रवारच्या सुटीचा देवाधर्माशी काही संबंध नाही. तिचे मूळ विजेच्या टंचाईत आहे.

ते समजण्यास एक गोष्ट आधी लक्षात घेतली पाहिजे. ज्वारी कणगीत भरून ठेवता येते, लोणचे बरणीत मुरते. वीज तशी साठवून ठेवणे फार कठीण आणि फार खर्चाचे. आपण बटण दाबतो त्याच क्षणी कोठे तरी तेवढी वीज तयार व्हावी लागते. म्हणून वीज पुरविणाऱ्यांना महिन्याकाठी किती वीज लागते एवढाच हिशेब पुरत नाही. दिवसातील सर्वांत ओढीच्या घटकेला किती लागेल, हा त्यांचा खरा घोर. घरात लग्न निघाले की आपण शंभर पानांची पातेली भाड्याने आणतो आणि दुसऱ्या दिवशी परत करतो. विजेची पातेली भाड्याने आणून परत करणे सोपे नाही. संध्याकाळच्या तीन-चार तासांच्या पंगतीसाठी केंद्र उभारावे लागते, तारा ओढाव्या लागतात, आणि उरलेल्या वेळी ती मोठी पातेली रिकामी पडली तरी त्यांचे कर्ज व व्याज चुकत नाही. हा सगळा खर्च शेवटी आपल्याच बिलात येतो.

आता सगळ्या भागांतील कारखाने एकाच दिवशी बंद राहिले आणि उरलेले सहा दिवस एकदम चालले, तर त्या सहा दिवसांचा भार पेलण्यास पातेले अधिक मोठे लागेल. म्हणून टंचाईच्या काळात औद्योगिक वसाहतींना साप्ताहिक सुटीचे वार वाटून देण्यात आले. पुण्याकडे गुरुवार, आपल्याकडे शुक्रवार. दुरुस्तीसाठी लाईट बंद ठेवण्याचा वारही त्यामुळे तोच पडला. माझ्या घरात तर दोन सुट्या नांदतात. मुलांची शाळा रविवारी बंद, आणि मालकांचा कारखाना शुक्रवारी. लग्नकार्य, साखरपुडा, माहेरची भेट ह्यांत आम्ही सगळी मिळून एकत्र गेलो असे वर्षातून क्वचितच घडते. विजेच्या टंचाईचा हा भाग कोणत्याही बिलात छापलेला नसतो.

वीज आपल्या परिसरात आली ती मात्र टंचाईसाठी नव्हे, आणि आपल्या घरांसाठी तर मुळीच नव्हे. मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालत. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस अडवून त्यापासून वीज करावी, ही कल्पना जमशेटजी टाटा यांनी उचलून धरली. ते 1904 मध्ये वारले आणि काम त्यांच्या मुलांनी पुढे नेले. लोणावळ्याच्या बाजूला धरणे झाली. 1915 मध्ये खोपोलीची वीज गिरण्यांना मिळू लागली. त्यामागून 1922 मध्ये भिवपुरी आणि 1927 मध्ये भिरा ही केंद्रे निघाली. कर्जत लोकलने जाताना जे भिवपुरी रोड स्टेशन लागते, तेच हे भिवपुरी. भिऱ्यासाठी मुळशीचे धरण बांधावयास घेतले तेव्हा मावळ्यांच्या शेतजमिनी आणि गावे पाण्याखाली जाणार होती. त्याविरुद्ध सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली 1921 पासून सत्याग्रह झाला. बायकाही त्यात होत्या. धरण व्हायचे ते झालेच. मुंबईच्या गिरण्यांची चाके फिरली, त्याची किंमत कोणी तरी आपल्या चुलीची जागा देऊन भरली आहे, हे विसरू नये.

भिवपुरीचा आणि आपला आणखी एक ऋणानुबंध आहे. तिथे वीज करून सुटलेले पाणी उल्हास नदीत येते, आणि उन्हाळ्यात आपली नदी कोरडी पडत नाही, त्यात ह्या पाण्याचा मोठा वाटा आहे. बदलापूरच्या बॅरेजवर तेच पाणी उचलतात. म्हणजे आपल्या माठात येणाऱ्या पाण्याने आधी सह्याद्रीच्या पायथ्याशी चाक फिरवून यावे, मग आपली तहान भागवावी, असा क्रम आहे. मला ही गोष्ट प्रथम कळली तेव्हा फार गंमत वाटली.

रेल्वेचेही तेच. मुंबईत 3 फेब्रुवारी 1925 रोजी विजेची पहिली गाडी धावली. मग ठाकुर्लीला रेल्वेने आपले चोळा पॉवर हाउस 1929 मध्ये काढले आणि त्याच सुमारास कल्याणपुढे पुण्याच्या बाजूस विजेच्या गाड्या सुरू झाल्या. (ते पॉवर हाउस केव्हाच बंद झाले.) गिरणी आणि रेल्वे ह्या दोन बड्या गिऱ्हाइकांसाठी तारा आपल्या रानांवरून गेल्या, आणि तारांखालच्या घरांत पुष्कळ वर्षे कंदील आणि चिमण्याच होत्या. अंबरनाथला विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना होता. तेव्हा आमच्या गावाने उजेडाला हातभार लावला तो प्रथम काडीने, असे म्हटल्यास हरकत नाही. कंदिलाची काच रोज राखेने पुसणे हे घरातल्या मुलीचे काम. आमच्या सासूबाई सांगत की, काच फुटली तर त्या दिवशी जेवणाआधी बोलणी खावी लागत.

उल्हासनगरची कथा निराळी. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व सोडून आलेल्या निर्वासितांना त्या बराकींत आसरा मिळाला, आणि 1949 मध्ये त्या वस्तीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. पापड, मिठाई, शिवणकाम, लाकूडकाम ह्यांवर त्या लोकांनी शहर उभे केले. आज जीन्स शिवणारी किती तरी घरे तिथे आहेत. खोलीतच मशीन, मशीनला मोटर, मजुरी नगावर. अशा घरात लाईट म्हणजे नुसता उजेड नव्हे, ती दिवसाची भाकरी.

1960 मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याचबरोबर महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ. अजून आपण बिलाला ‘एमएसईबीचे बिल’ म्हणतो ते त्यावरून, जरी 2005 मध्ये त्या मंडळाची वाटणी होऊन आपल्याकडे वीज देण्याचे काम महावितरणकडे आले आहे. कोयनेची वीज 1962 पासून मिळू लागली. पुढे चंद्रपूरला कोळशावरची मोठी केंद्रे झाली. गावोगाव खांब गेले आणि चाळीतल्या खोल्यांत एकेक दिवा आला.

त्या चाळीच्या दिव्यात अर्थशास्त्राचा एक धडा दडलेला आहे. सासूबाई ज्या चाळीत नांदल्या तिथे सगळ्यांचे मिळून एकच मीटर होते आणि मालक दर पॉइंटमागे महिन्याला ठरावीक पैसे घेई. दिवा तासभर लावा की रात्रभर, पैसे तेच. मग बाहेर जाताना दिवा कोण मालवतो? स्वतःचे मीटर आले त्या महिन्यापासून सासूबाईंनी घरातल्या प्रत्येकाला बटणाची शिस्त लावली, आणि ती त्या शेवटपर्यंत चालवीत होत्या. शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर ठरीव आकार लावला, तिथेही हेच झाले. शेतकऱ्याला मी नावे ठेवीत नाही. त्याला लाईट मिळते ती बहुधा अपरात्री. पण मोजमाप नसले की काटकसरीला धनी राहत नाही, एवढे खरे.

मीटरवाल्या घरांना सरकारने टप्पे लावले आहेत. पहिल्या 100 युनिटांचा दर सर्वांत कमी, 101 ते 300 चा त्याहून बराच चढा, पुढे आणखी चढा. ह्याचा अर्थ असा की, आपण जी दहा-वीस युनिटे वाचवितो ती नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातून कमी होतात. बिल 120 वरून 95 वर आले तर महागडा टप्पा सगळाच गळून जातो. हा हिशेब मी भिशीत सांगितला तेव्हा दोघीतिघींनी घरी जाऊन जुनी बिले काढली.

आता टंचाई आली कशी, तेही सांगते. 1993 च्या डिसेंबरात विद्युत मंडळाने दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाशी करार केला. राज्याला पुढे फार वीज लागेल असा अंदाज होता. पण करारातली मेख ही की, वीज घ्या अगर न घ्या, ठरावीक रक्कम द्यावीच लागे. खानावळीचा डबा महिन्याने लावला की जेवलो नाही तरी पैसे कापतात, तसे. 1999 मध्ये 740 मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. ती वीज इतकी महाग पडू लागली की मंडळाचे कंबरडे मोडले, आणि 2001 च्या मे महिन्यात खरेदी थांबली. विजेची नड मात्र थांबली नव्हती. एकट्या बदलापूरची वस्ती 2001 च्या शिरगणतीत सुमारे 98 हजार होती, ती 2011 मध्ये 1 लाख 74 हजार झाली. प्रत्येक नव्या इमारतीला पाण्याचा पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे. मागणी अशी वाढत होती आणि त्या मानाने नवी केंद्रे उभी राहिली नाहीत.

मग जे व्हायचे तेच झाले. 2005 पासून पुढची काही वर्षे लोडशेडिंगची गेली. राज्यात ओढीच्या वेळी चार-पाच हजार मेगावॅटची तूट पडे. माझे लग्न होऊन थोडीच वर्षे झाली होती आणि थोरला मुलगा रांगत होता. लाईट जाण्याची वेळ वर्तमानपत्रातून कापून आम्ही स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवीत असू. पीठ दळून आणणे, मिक्सरचे वाटण, इस्त्री, टाकीत पाणी चढविणे, मुलांचा अभ्यास, सगळे त्या कागदाप्रमाणे. पुरुषमाणसे सकाळच्या लोकलने जात. वेळापत्रक सांभाळण्याचे काम पडले ते आपल्यावर. पाट्या-वरवंट्याला पुन्हा टाके घालून घेतलेल्या बायका मला माहीत आहेत.

पण अंधार सगळ्यांना सारखा नव्हता. मुंबई शहरात जवळजवळ लाईट जातच नसे. बाकी ठिकाणी गळती आणि थकबाकी किती, त्यावरून भागांचे ‘अ’पासून ‘ग’पर्यंत वर्ग केले होते. जिथे वीजचोरी आणि थकबाकी जास्त, तिथे अंधाराचे तास जास्त. वरवर पाहता हे न्यायाचे दिसते. चोराला शिक्षा नको का? परंतु शिक्षा चोराला होत नव्हती, ती सबंध मोहल्ल्याला होत होती. दर महिन्याला रांगेत उभी राहून बिल भरणारी आणि नगावर जीन्स शिवणारी बाई, शेजाऱ्याने आकडा टाकला म्हणून हातावर हात धरून बसे. तिची मजुरी बुडे ती कोणी भरून देत नव्हते. मला हे तेव्हाही पटले नाही, आजही पटत नाही. भिवंडीत गळती फारच होती, म्हणून 2007 मध्ये तिथला कारभार टोरंट ह्या खाजगी कंपनीकडे दिला गेला. पुणेकरांनी 2006 मध्ये वेगळीच युक्ती काढली. तिथल्या कारखान्यांनी ओढीच्या वेळी आपापली जनित्रे चालवावीत, म्हणजे त्यांच्या वाटची वीज शहराला मिळेल. आणि जनित्राचा जादा खर्च जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांकडून घ्यावा. 300 युनिटांच्या आतल्या गरीब घरांवर तो बोजा नव्हता. पैसा आणि संघटना असली की अंधारही दूर ठेवता येतो, हे त्यावरून दिसले. 2012 च्या अखेरीस राज्याचा बराचसा भाग ह्या जाचातून सुटला.

ह्याच काळात घरच्या काटकसरीकडे सरकारचे लक्ष गेले. 2005 च्या उन्हाळ्यात, मागच्या वर्षापेक्षा वापर बराच कमी करील त्याला बिलात सूट आणि न करील त्याला जादा आकार, अशी तजवीज वीज नियामक आयोगाने काही काळ केली. नाशिकला सीएफएल दिवे हप्त्याने देऊन पाहिले. पुढे 2015 मध्ये उजाला योजना निघाली आणि एलईडीचे 9 वॅटचे दिवे बिलाच्या कार्यालयात मिळू लागले. सरकारी खरेदीत 2014 साली जो दिवा 310 रुपयांना पडत होता, तो दोन-अडीच वर्षांत 38 रुपयांवर आला, कारण कोट्यवधी दिव्यांची खरेदी एकदम झाली. आपण मंडळात सगळ्या मिळून डाळ-तांदूळ ठोक भावाने आणतो त्यातलाच हा प्रकार.

घरचा हिशेब करून पाहा. 60 वॅटचे चार जुने दिवे रोज पाच तास लावले तर महिन्याला 36 युनिटे होतात. 9 वॅटचे चार लावले तर साडेपाचच्याही आत. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. हे चार दिवे आपण लावतो ते दिवेलागणीनंतर, म्हणजे नेमके ओढीच्या वेळी. दर घरामागे 204 वॅट कमी झाले, आणि अशी एक लाख घरे धरली, तर 20 मेगावॅटचा भार त्या घटकेला उतरतो. भिवपुरीच्या सबंध केंद्राची शक्ती आज 75 मेगावॅट आहे. म्हणजे चार लाखांहून कमी घरांतल्या बायकांनी दिवे बदलले की एक भिवपुरी उभी राहिली, आणि तीही कोणाची जमीन न बुडविता. शिवाय वीज तारेतून येताना वाटेत काही वाया जाते. म्हणून आपल्या घरी वाचलेले एक युनिट हे केंद्रावर एकाहून जास्त असते. कोळशाच्या केंद्रात एका युनिटाला पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो. तेवढा कोळसा मालगाडीने आणावा लागत नाही, जाळावा लागत नाही, आणि त्याची राख कोणाच्या शेतावर पडत नाही.

दिव्यांनी वाचविले ते आता थंड हवेच्या यंत्रांनी परत घ्यावयास सुरुवात केली आहे. बदलापूरचा उन्हाळा मी जाणते, म्हणून कोणाला दोष देत नाही. मात्र घेताना तारे पाहून घ्यावे. 2006 पासून फ्रिज, एसी अशा वस्तूंवर ताऱ्यांची पट्टी लावतात ती त्यासाठीच. जुना छताचा पंखा 75 वॅट खातो, नवीन जातीचा तीस वॅटच्या आसपास. ज्या घरी तीन पंखे रात्रंदिवस फिरतात तिथे हा फरक दिव्यांहून मोठा होतो. पाणी तापविण्याचा दोन हजार वॅटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट संपवितो, म्हणून आमच्याकडे एकामागून एक आंघोळी उरकण्याचा दंडक आहे. आमच्या इमारतीचा पंप संध्याकाळी सातला लागत असे. बायकांनी सभेत विषय काढून तो दुपारी लावून घेतला. सेक्रेटरींनी आधी हसण्यावारी नेले, मग वॉचमनला किल्ली दिली.

दुपारी का, तर आता काळ उलटला आहे. सूर्यापासून वीज होऊ लागल्यापासून भर दुपारी ती मुबलक आणि स्वस्त, आणि सूर्य मावळला की टंचाई. 2024 पासून घराच्या छपरावर सौर तावदाने बसविण्यास केंद्र सरकार मदत देते. एका किलोवॅटला 30 हजार, दोनला 60 हजार, आणि तीन किंवा जास्त असले तरी 78 हजार रुपयांपर्यंत. ज्यांचे स्वतःचे छप्पर आहे त्यांना हे सोयीचे. सोसायटीत गच्ची सर्वांची, तेव्हा तिथे आधी भांडण, मग वीज. दुपारची जादा वीज वापरून पाणी डोंगरावर चढवायचे आणि संध्याकाळी ते खाली सोडून पुन्हा वीज करायची, अशा तऱ्हेचा 1000 मेगावॅटचा प्रकल्प भिवपुरीलाच करण्याचा करार 2023 मध्ये झाला आहे. विजेची कणगी शेवटी आपल्याच शेजारी होणार, असे दिसते.

नवीन मीटरवाल्या घरांना 2025 च्या जुलैपासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 पर्यंतच्या वापरावर दरात सवलत मिळू लागली. ती जाहीर झाली तेव्हा आमच्या मजल्यावर दुपारी सगळी धुण्याची यंत्रे एकदम सुरू झाली! ज्या आपण घरी असतो, त्यांनी इस्त्री, धुणे, दळण-वाटण दुपारी उरकून ही सवलत जरूर घ्यावी. परंतु समोरच्या बिऱ्हाडातली बाई सकाळी सातच्या आधी लोकल पकडते आणि रात्री आठला परत येते. तिची सगळी कामे सवलत संपल्यावर सुरू होतात. दरांविषयी नियामक आयोग सुनावणी घेतो आणि तिथे कोणाही ग्राहकाला लेखी सूचना पाठविता येते. पुढच्या सुनावणीच्या वेळी मंडळातर्फे तिच्यासारख्या बायकांचे म्हणणे लिहून पाठवावे, असा विषय मी येत्या मासिक सभेसाठी चिटणीसबाईंकडे दिला आहे.